कॉलमची दुरुस्ती वर्षभरात पुन्हा फुटली, तर दोष इंजिनिअरचा की ठेकेदाराचा? (जुळे सोलापूर, ३२ वर्षांची इमारत)

तडा का गेला हे न तपासता ‘खरवडा आणि प्लास्टर करा’ असं लिहून दिलं असेल, तर आधी दोष इंजिनिअरचा. पद्धत बरोबर दिली होती पण ठेकेदाराने सळईचा गंज न काढता माल थापला, तर ठेकेदाराचा; देखरेखीचे पैसे इंजिनिअरने घेतले असतील तर दोघांचाही. मी दुरुस्तीचीच कामं करतो. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थलीन (अल्कलीपणा दाखवणारं रसायन) मारा: गुलाबी झालं तर ठीक, रंग आलाच नाही तर तिथला अल्कलीपणा गेलाय, सळईचं संरक्षण संपलंय. शिवाय आपल्याकडे बोअरच्या पाण्यावर बांधकामं झालीत. आरसीसीच्या पाण्यात क्लोराइड (सळई गंजवणारा क्षार) लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंतच चालतं (आयएस ४५६, काँक्रीटचं भारतीय मानक), आणि तेव्हा पाणी तपासलं कोणी! म्हणून क्लोराइडची चाचणीही हवी. इंजिनिअरच्या रिपोर्टमध्ये हे काहीच नसेल तर तो रिपोर्ट नव्हे, नुसतं कोटेशन. मात्र इंजिनिअरने चाचण्या लेखी सुचवल्या आणि सोसायटीने खर्च नको म्हणून नाकारल्या असतील, तर त्याच्याकडे बोट दाखवणं अवघड. आधी ती पत्रं आणि मीटिंगचं इतिवृत्त काढा.