टोकण यंत्राचा दांडा

प्रश्न : भाऊ, दोन वर्षांपासून आमच्या गावात कपाशी टोबायला, म्हणजे बी दाणा-दाणा जमिनीत खोचायला, ढकलायचं टोकण यंत्र आलं आहे. आधी आम्ही दहा-बारा बाया बियाण्याच्या पाकिटामागे ठेका घेऊन टोबत होतो. कंबर मोडायची, पण पैसा आपल्या हाती यायचा. आता एकटा गडी यंत्र ढकलत जातो. साहेब म्हणतात, नव्या अवजारानं बायांचे कष्ट वाचले. कष्टासंगं मजुरीही गेली, त्याचं काय? चुकलं कोण, यंत्र की गाव?
— बचत गटाची सभासद, आर्वी तालुका

उत्तर : ताई, तीस वर्षं वेल्डिंगचं दुकान चालवलेला माणूस मी, आधी यंत्राकडेच बघणार. दुकानातून त्याचा दांडा गड्याच्या उंचीला कसून येतो. तो खाली घेता येतो, पण बोल्ट कोणी सोडतच नाही. बाईच्या छातीला लागणारा दांडा बाई कशाला ढकलेल?

पण गोष्ट तेवढीच नाही. तुमच्या सासूबाईंना विचारा. त्या पेरणीच्या तिफणीमागं सरतं, म्हणजे बी सोडायची नळी, धरून चालल्या असतील, शेणमाती चोळलेली सरकी मुठीनं सोडत. मग संकरित वाण आले. २००२ मध्ये बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला तोंड देणाऱ्या वाणाला, परवानगी मिळाली आणि ४५० ग्रॅमचं महागडं पाकीट घरोघर आलं. दाणा मोजून टाकायची पाळी आली, सरतं गोठ्यात लटकलं. तुमचा पाकिटामागचा ठेका त्या पाकिटानंच दिलेला. आता मजूर मिळत नाही अशी ओरड झाली, तर यंत्र आलं.

कधी वर्ध्याला गेलात तर मगन संग्रहालयातले चरखे बघा. १९२९ साली गांधीजींच्या चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाखाचं इनाम लावलं होतं. अटी अशा, की बाईला फारसं न थकता आठ तास चालवता यावा, किंमत दीडशे रुपयांवर जाऊ नये. इनाम कुणालाच मिळालं नाही. पण त्या कागदावर बाई आधी होती, चाक मागून. टोकण यंत्र काढणाऱ्यानं एकर मोजला, बाई मोजली नाही.

मीही कुठं मोजली होती? एका विधवा बाईला मी जुन्या सायकलचं, तण काढायचं डवरं करून दिलं. चौथ्या दिवशी ती परत आली. म्हणाली, "भाऊ, हे तुमच्या मापाचं आहे." चार इंच कापलं. गावातले लोक हसले. पुढं बैलजोड्या विकल्या गेल्या, तेव्हा तेच जुन्या सायकली घेऊन माझ्या दारात उभे.

तेव्हा गटानंच एक यंत्र घ्या. ठेका पाकिटावरच ठेवा, रोजावर जाऊ नका, नाहीतर वाचलेला वेळ मालकाच्या खात्यात जाईल. भाव मृगाआधी ठरवा. आपली काळी माती ओली असली की यंत्राच्या बी सोडणाऱ्या चोचीत गारा बसतो, वाफसा आल्यावरच चालवा आणि तो गारा काढायला एक लांब खिळा जवळ ठेवा. आणि दांडा आपल्या उंचीला घ्या; त्याचा बोल्ट गंजला असेल तर डिझेलचे दोन थेंब सोडून रातभर राहू द्या, सकाळी सुटतो.