ब्लू कार्डवर जर्मनीत राहून बासेलला रोज नोकरीला जाता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: श्टुटगार्टला ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांसाठीचा युरोपीय नोकरीचा परवाना) दीड वर्ष झालं, स्वित्झर्लंडमधल्या बासेलहून बऱ्याच मोठ्या पगाराची ऑफर आली आहे, बायको आणि दोन लहान मुलं सोबत आहेत. सीमेला लागून असलेल्या लोराखमध्ये घर घेऊन रोज पलीकडे कामाला जायचं, हे जमेल का?

आत्ता लगेच जमणार नाही. अडचण पगाराची किंवा घराची नाही, पासपोर्टची आहे. सीमा ओलांडून रोज कामाला जाणाऱ्यांना स्वित्झर्लंड जी परवाना देतं. जर्मन किंवा फ्रेंच नागरिकाला तो सहज मिळतो. भारतीय पासपोर्टवर मात्र शेजारच्या देशातला कायम वास्तव्याचा हक्क हातात असावा लागतो आणि तिथल्या सीमाभागात किमान ६ महिने राहिलेलं असावं लागतं. ब्लू कार्ड म्हणजे कायम वास्तव्य नव्हे. ऑफर देणाऱ्या एचआरलाही हा फरक बरेचदा ठाऊक नसतो, कारण त्यांच्याकडे येणारे बहुतेक लोक युरोपीय नागरिक असतात.

तुमच्या बाबतीत मुक्काम जवळ आला आहे. जर्मन भाषेची बी-१ (मध्यम) पातळी असेल तर ब्लू कार्डवर २१ महिन्यांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. फक्त ए-१ (अगदी प्राथमिक) असेल तर २७ महिने लागतात. म्हणून आत्ताच जर्मनीतला नोंदवलेला पत्ता रद्द करून बासेलला राहायला जाऊ नका. जर्मनी कायमची सोडलीत की ब्लू कार्ड संपतं, आणि अगदी तोंडाशी आलेला कायमचा परवाना हुकतो.

पुढे जी परवाना मिळाला, तर कराचं गणित नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. जर्मनीच्या फिनान्सआम्टकडून (कर कार्यालय) ‘ग्रे-१’ हा रहिवासाचा दाखला घेऊन कंपनीला दिला, की स्विस बाजूला एकूण पगारावर फक्त ४.५ टक्के कर कापला जातो. पगारपत्रकावरची रक्कम बघून हरखून जायला होतं. पण खरा आयकर जर्मनीत भरायचा असतो, कापलेले ४.५ टक्के त्यातून वजा होतात, बाकीचे तुम्ही स्वतः भरायचे. पहिलं विवरणपत्र भरेपर्यंत बरेचदा कुणी मागायला येत नाही. मग मागची थकबाकी आणि पुढचे तिमाही हप्ते एकदमच अंगावर येतात. ते पैसे पहिल्या महिन्यापासून वेगळ्या खात्यात टाका. आणि कामामुळे वर्षात ६० पेक्षा जास्त दिवस घरी परतता आलं नाही, तर ही सवलतच जाते. सतत दौऱ्यावर असणाऱ्यांनी हे दिवस लिहून ठेवावेत.

आता दुसरा पर्याय, बासेलमध्येच राहण्याचा. त्यासाठी लागणाऱ्या बी परवान्यासाठी (स्वित्झर्लंडमध्ये राहून काम करण्याचा परवाना) कंपनीला तुमच्या जागी स्थानिक किंवा युरोपीय माणूस मिळाला नाही हे दाखवावं लागतं, शिवाय युरोपबाहेरच्यांसाठी असे फक्त ४,५०० परवाने वर्षाला ठरलेले आहेत. एकट्या माणसाला हा सौदा उत्तम, कर कमी आणि हातात पैसा जास्त. कुटुंबाचं चित्र वेगळं. जर्मनीच्या सरकारी आरोग्यविम्यात न कमावणारी बायको आणि मुलं जादा हप्त्याशिवाय येतात. स्वित्झर्लंडमध्ये प्रत्येकाचा वेगळा हप्ता, आणि तो पगारातून कापला जात नाही, आपणच भरायचा. प्रौढ माणसाला महिन्याला ४०० फ्रँकच्या वर सहज जातात, मुलाला शंभरीच्या वर. त्यावर प्रौढाला उपचारांच्या खर्चातले वर्षाचे पहिले ३०० ते २,५०० फ्रँक खिशातून. अनुदान नसेल तर पाळणाघर दिवसाला शंभर फ्रँकच्या पुढे. बायको घरी असेल तर विमा आणि घरभाड्यातच वाढीव पगाराचा मोठा भाग जातो, दोघं कमावत असाल तर पाळणाघरात.

नोकरीची शाश्वतीही तोलून बघा. जर्मनीत १० पेक्षा जास्त माणसांच्या कंपनीत ६ महिन्यांनंतर कारणाशिवाय काढता येत नाही. स्वित्झर्लंडमध्ये पहिल्या वर्षी कायद्याने नोटीस फक्त एका महिन्याची, पुढे नवव्या वर्षापर्यंत दोन. कामाचा आठवडा बहुतेक ठिकाणी ४२ तासांच्या आसपास.

बासेलला राहूनही किराणा जर्मनीतून आणता येतो, असं तुम्ही ऐकलं असेल. खरं आहे, ८ नंबरची ट्राम थेट सीमेपलीकडच्या वाइल आम ऱ्हाइन या जर्मन गावाला जाते. ५० युरोंच्या वर खरेदी असली की गल्ल्यावर हिरवी चिठ्ठी (माल देशाबाहेर नेल्याचा फॉर्म) मागायची, सीमेवर जर्मन कस्टम्सचा शिक्का घ्यायचा आणि पुढच्या खेपेला दुकानातून व्हॅट परत घ्यायचा. मात्र २०२५ पासून माणशी दिवसाला १५० फ्रँकपर्यंतच स्विस व्हॅट माफ आहे, आधी ही मर्यादा ३०० होती. त्यावर गेलात तर वरच्या रकमेवर नाही, पूर्ण खरेदीवर कर लागतो. मटण-चिकन मिळून माणशी एकच किलो. त्यापुढे १० किलोंपर्यंत किलोमागे १७ फ्रँक. सणासुदीला चार घरांचं मटण एकाच पिशवीत आणणाऱ्यांनी हे आधीच जाणून घ्यावं.

माझं मत: बी-१ परीक्षेची तारीख याच आठवड्यात घ्या. कंपनीला आजच लिहून विचारा, की रुजू व्हायची तारीख वर्षभर पुढे नेता येईल का, आणि जी परवान्याचा अर्ज भारतीय नागरिकासाठी त्यांनी याआधी केला आहे का.