नांदूर मध्यमेश्वरला सहकुटुंब जाऊन दिवसभर करायचं काय?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: जानेवारीतल्या एका शनिवार-रविवारी ठाण्याहून निघणार, सोबत आठ आणि अकरा वर्षांची मुलं, शिवाय सासू-सासरे. नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात बोटिंग आहे का, मुलं कंटाळतील का आणि एक दिवस पुरेल का? मी नाशिकची. दर थंडीत तिकडे तीन-चार फेऱ्या ठरलेल्याच असतात, म्हणून लिहिते.

बोटिंग नाही. मुलांना होडीतच बसायचं असेल तर भिगवणला जा. कुंभारगावचे मच्छीमार उजनीच्या पाण्यात आपल्या होडीतून रोहित पक्षी दाखवायला नेतात. ऐरोली तर तुमच्या दारातच आहे, तिथली खाडीतली बोट भरती-ओहोटी बघून सुटते. नांदूरला मात्र सगळं काठावरून. बांधाच्या कडेने चालायचं, मनोऱ्यावर चढायचं आणि बसायचं. हे बसणंच आपल्या लोकांना जमत नाही.

माझंही पहिल्यांदा तेच झालं. बहिणीकडची मंडळी घेऊन सावकाश, पोहे-चहा उरकून अकराला पोचलो. बंधारा काठोकाठ भरलेला, ऊन डोक्यावर, आणि लांब पाण्यात काळे ठिपके. भाचा म्हणाला, "मावशी, हे बघायला आणलंस?" मला उत्तर सुचलं नाही. अर्ध्या तासात गाडीत बसून परत.

चूक वेळेची होती, तशीच पाण्याचीही, आणि पाण्याचं कोणी आधी सांगत नाही. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचा हा बंधारा इंग्रजांनी कालव्यांसाठी बांधला. दोन्ही नद्यांनी आणलेला गाळ वर्षानुवर्षं त्यात साचत गेला, बेटं तयार झाली, पाणी उथळ झालं. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हा तोटा, पाखरांची मात्र चंगळ! १९८६ साली अभयारण्य झालं, आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून नाव जाहीर झालं, ते या गाळाच्याच जिवावर. कारण सोपं आहे. तलवार बदक काय किंवा थापट्या काय, ही बदकं बुडी मारत नाहीत, शेपूट वर करून मान पोचेल तेवढंच खातात. शेकाट्या हा लांब पायांचा पक्षी, तोही आपल्या पायांच्या उंचीएवढ्याच पाण्यात उभा राहणार. वरच्या धरणांतून पाणी सुटलं आणि बंधारा तुडुंब झाला की ही उथळ जागाच नाहीशी होते, मग पक्षी दुसरीकडे पांगतात. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी तिथल्या गाईडला फोन करून एवढंच विचारा, "पाणी किती आहे?" चिखल उघडा पडलाय म्हणाला तर डोळे मिटून या.

शनिवारी दुपारी निघून रात्री नाशिकला मुक्काम करा. रविवारी पहाटे साडेपाचला बाहेर पडा. चांदोरी, सायखेडा करत चापडगाव, ४० किलोमीटरच्या आसपास. अभयारण्यात तिथून शिरायचं. थंडी हलक्यात घेऊ नका. निफाडचा गारठा राज्यात प्रसिद्ध आहे. पारा फार उतरला की इकडचे शेतकरी द्राक्षबागा वाचवायला रात्री शेकोट्या पेटवतात. कानटोप्या, शाली घ्या. लाल-भडक जॅकेटं नकोत, मातकट रंग बरे. तिकिटासाठी सुटे पैसे जवळ ठेवा. आणि गाईड घ्याच. गावातलीच मुलं असतात, टेलिस्कोप लावून देतात, आणि आपल्याला नुसतं गवत दिसतं तिथे त्यांना पाणलावा दिसतो. गाईडचे पैसे वाचवायला जाऊन अख्खी सकाळ घालवणारे मी बरेच पाहिलेत.

आता मुलांचं. इंग्रजी नावांची यादी हातात देऊ नका. आपली नावं सांगा आणि तो पक्षी त्यांनाच शोधू द्या. हळदी-कुंकू बदक कुठलं? ज्याच्या काळ्या चोचीला टोकाशी पिवळं आणि मुळाशी दोन लाल ठिपके. वारकरी कुठला? काळाकुळकुळीत, कपाळावर पांढरा टिळा. चमच्या तर सांगावाच लागत नाही, चोच अर्धवट उघडी ठेवून पाणी डावी-उजवीकडे घुसळत चालतो, ताक करावं तसा. माझ्या भाच्याला दुसऱ्या खेपेला हा खेळ दिला, तर दोन तास हलला नाही.

एक गोष्ट शांतपणे दाखवा. काठच्या पाणगवतात जांभळी पाणकोंबडी असते, कोंबडीएवढीच, लाल चोच, लाल कपाळ. ती गवताचा दांडा उपटते, एका पायाच्या बोटांत धरते आणि वरून सोलत सोलत खाते. आपण बांधावर बसून उसाचं कांडं खातो ना, हुबेहूब तसं. दुर्बिणीतून तिच्या पायाची लांब बोटं दांड्याभोवती मिटलेली दिसतात. मी हे पन्नासदा पाहिलं असेल, तरी दिसलं की थांबतेच.

आणि सगळी बदकं एकदम उडाली तर आकाशात बघा. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी आलेला असतो. तो गवताच्या जरा वरून, कमी उंचीवर घिरट्या घालतो आणि हजारभर पंखांचा एकदम आवाज येतो. नशीब असेल तर क्रौंचही दिसतील. ते सकाळी हरभऱ्या-गव्हाच्या शेतांत चरायला जातात. त्यांच्या मागे शेतात शिरू नका. पीक कोणाचं तरी असतं, आणि शेतकऱ्याने शिव्या दिल्या तर त्या रास्तच म्हणायच्या.

मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावणारे 'हौशी' फोटोवाले भेटतील. मुलांना ते शिकू देऊ नका.

दहा-साडेदहानंतर ऊन चढतं, मग थांबण्यात अर्थ नाही. नदीकाठचं मध्यमेश्वराचं मंदिर बघा, जेवा, आणि उत्साह उरला असेल तर चारनंतर पुन्हा काठावर या. नाहीतर सरळ घरी. एक सकाळ नीट मिळाली तर पुष्कळ झाली. सोबत पाणी आणि खाऊ घरूनच आणा, रिकामी पाकिटं परत न्या. बंधाऱ्यात पाणवेलीच इतक्या माजतात की त्यात आपल्या कुरकुऱ्यांची भर नको.

सासू-सासऱ्यांचे गुडघे दुखत असतील तर मनोऱ्याचा हट्ट नको. घडीच्या दोन खुर्च्या गाडीत टाका आणि गाईडला टेलिस्कोप त्यांच्यापाशी खालीच लावायला सांगा. दुर्बीण एकच असेल तर आधी त्यांच्या हातात द्या. मुलांकडे गेली की दुपारपर्यंत परत मिळत नाही.