जुन्या पेट्रोल फोर बाय फोरमध्ये ट्रकचं डिझेल इंजिन बसवून लांबच्या टूरला जाता येईल का?

तुमचा प्रश्न असा आहे की गाडी जुनी, पेट्रोल, सहा सिलिंडर, चॅसी चांगली आहे, आणि आता ट्रकचं ३.९ लिटरचं चार सिलिंडर डिझेल इंजिन मिळतंय तर घेऊन टाकू का. मी हेच काम केलंय, माझ्या गाडीत कमिन्सचं ४बीटी आहे, म्हणजे असंच ३.९ लिटरचं चार सिलिंडर ट्रक डिझेल, म्हणून सांगतो, घ्या, पण आज नको. आधी वही काढा आणि गाडी किती आरपीएमला किती पळेल ते मांडा, कारण इंजिन बसतं हो, चांगला मिस्त्री आणि लेथवाला असेल तर कुठलंही इंजिन कुठेही बसतं, पण बसल्यावर ती गाडी दिवसभर चालवायची असते आणि तिथे सगळा खेळ गिअरिंगचा आहे.

४बीटी म्हणजे १०२ मिमी बोर, १२० मिमी स्ट्रोक. लांब स्ट्रोक, जड पिस्टन, थेट इंजेक्शन, टर्बो. जोर १६०० आरपीएमच्या आसपासच मिळतो आणि ट्रकच्या सेटिंगला २५०० च्या जवळ गव्हर्नर, म्हणजे वेगाची मर्यादा राखणारा भाग, धरतो, त्यापुढे पाय कितीही दाबा. तुमचं पेट्रोल इंजिन मात्र जास्त आरपीएमला फिरायला बनवलेलं आहे. समजा टायर ३३ इंची, म्हणजे एका फेरीत साधारण २.६३ मीटर, क्राउन-पिनियनचा (डिफरन्शियलमधल्या शेवटच्या गिअरजोडीचा) रेशो ४.११, आणि टॉप गिअर सरळ १:१. तर ताशी ९० ला इंजिन २३४० आरपीएमवर येतं. पेट्रोलला हे काहीच नाही, याला मात्र जवळपास छप्पर लागलं. २००० वर ठेवायचं म्हटलं तर ७७ चा स्पीड. आता तोच हिशोब ०.७५ चा ओव्हरड्राइव्ह (१:१ पेक्षा वरचा गिअर) असलेल्या गिअरबॉक्सचा करा, ९० ला १७६० येतात, म्हणजे बरोब्बर जिथे जोर आहे तिथेच. किंवा क्राउन-पिनियन बदलून ३.५५ चा टाका, मग १:१ ला सुद्धा २००० वर ८९ मिळतात. पण मग लो रेंजमध्ये (फोर बाय फोरच्या हळू चालायच्या गिअरमध्ये) दगडातून उतरताना गाडी जास्त पळते, तेही बघावं लागतं. मी इंजिन आधी घेतलं आणि हे नंतर मांडलं, त्यामुळे गिअरबॉक्स एकदा बसवून परत उतरवावा लागला, अख्खं एक वर्ष त्यात गेलं.

दुसरी गोष्ट थरथर. चार सिलिंडरच्या लाइन इंजिनात दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात, वाटतं हिशोब फिटला, पण कनेक्टिंग रॉड तिरपा होत असल्याने पिस्टन वरच्या अर्ध्या भागात जास्त वेगाने जातो, खालच्या भागात कमी, आणि तो फरक क्रँकच्या एका फेरीत दोनदा हादरा देतो. ७५० च्या आयडलला सेकंदाला २५ हादरे. लहान इंजिनात कळत नाही, इथे पिस्टन किती जड आहेत ते हातात घेतल्याशिवाय समजणार नाही. मी सुरुवातीला कडक माउंटिंग टाकलं होतं कारण ऑफरोडला इंजिन हलू नये असं मनात होतं. आयडलला आरशात मागच्या गाडीचा एक दिवा दोन दिसायचा. थोड्याच दिवसात बॅटरीच्या ट्रेच्या कोपऱ्यावर वेल्डिंगच्या कडेने केसासारखी रेघ आली, बोटाने पुसली तर काळा डाग म्हणून जाईल असं वाटलं, गेली नाही, क्रॅक होती. मऊ, मोठ्या रबराची माउंटिंग टाकल्यावर ते थांबलं. ब्रॅकेट जाड करू नका, रबर मऊ करा.

बेलहाउसिंगची (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या घंटेसारख्या कव्हरची) अडॅप्टर प्लेट करून घेताना डायल गेज लावून ती मधोमध बसते का ते बघाच. फ्लायव्हीलला डायल बांधायचा, त्याचं टोक बेलहाउसिंगच्या मधल्या भोकाच्या कडेला टेकवायचं, क्रँक हाताने फिरवायचा, सुई किती सरकते ते बघायचं. ०.१ मिमीच्या आसपास असेल तर ठीक, त्यापेक्षा बरंच जास्त आउट असेल तर गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट आणि पायलट बेअरिंग हळूहळू खातं आणि तुम्ही क्लचला दोष देत बसता.

ऑइल चेंबर पुढे खोल आहे की मागे तेही बघा, पुढचा डिफ (डिफरन्शियल) त्याच्या खालीच असतो. नुसती गाडी उभी असताना बघून उपयोग नाही. स्प्रिंग काढा, जॅकने एक चाक पूर्ण वर दाबा, मग चेंबर आणि डिफमध्ये किती बोटं जातात ते बघा. माझ्याकडे आधी एकही जात नव्हतं. इंजिनचं वजन साधारण ३४० किलो आहे म्हणजे पुढची स्प्रिंग बदलणं आलंच.

बाकीचं पटकन सांगतो. डिझेलला थ्रॉटल नाही म्हणून मॅनिफोल्डला व्हॅक्यूम नाही, म्हणजे तुमचा ब्रेक बूस्टर मेला, व्हॅक्यूम पंप लावा, ही गोष्ट रस्त्यावर कळून चालत नाही. सेल्फ आणि स्टॉप सोलेनॉइड (डिझेल तोडून इंजिन बंद करणारा) २४ व्होल्टचे तर नाहीत ना बघा. जुना टॅको (आरपीएम मीटर) चालणार नाही कारण इग्निशन कॉइलच नाही, अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवर चालणारा घ्या. टाकीला उरलेलं डिझेल परत आणणारी रिटर्न लाइन लागेल आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर. ४बीटीच घेत असाल तर टायमिंग कव्हर उघडून आतली डॉवेल पिन (जागा धरून ठेवणारी छोटी पिन) पक्की करा, ती सुटून गिअरमध्ये पडू शकते. एक्झॉस्टचं तापमान दाखवणारं मीटर टर्बोच्या आधी लावा, लांब चढाला सातशे डिग्री गाठायला लागलं की गिअर उतरवा. आणि नोंदणी, प्रदूषण, विमा यांचे नियम पहिला बोल्ट काढायच्या आधी विचारून घ्या.

पहिल्यांदा चालू कराल तेव्हा एअर इनटेक झाकेल एवढी जाड प्लायची फळी माणसाच्या हातात देऊन उभा करा, इंजेक्शन पंपाची रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) अडकली तर चावी काढून हे इंजिन बंद होत नाही, हवा तोडावी लागते. हात लावून नाही, फळीच.

टायरचा साइझ, क्राउन-पिनियनचा रेशो आणि गिअरबॉक्स कुठला आहे ते खाली लिहा, आरपीएमचा तक्ता मी काढून देतो, तोपर्यंत इंजिनला टोकनसुद्धा देऊ नका.