फायब्रोमायल्जियाचं संशोधन मेंदूवर चाललंय, म्हणजे दुखणं मनाचं आहे का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन वर्षं सगळं अंग ठणकतंय, रक्ताच्या तपासण्या आणि पाठीच्या कण्याचा एमआरआय नॉर्मल आला, डॉक्टरांनी फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर दीर्घकाळ दुखत राहण्याचा आजार, सांगून ड्युलॉक्सेटिन सुरू केलं. मेडिकलवाला ‘ही तर डिप्रेशनची गोळी’ म्हणाला आणि तेव्हापासून घरचे म्हणतात की दुखणं मनाचं आहे. त्यात तुम्ही वाचलंत की यावरचं संशोधन मेंदू आणि मज्जारज्जूवर चाललंय. मग घरच्यांचंच खरं का, आणि एमआरआय परत करावा का?

घरच्यांचं खरं नाही. दुखणं तुमचं खरं आहे. मी डॉक्टर नाही, ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. अकरा वर्षांपूर्वी मला याच आजाराचं निदान झालं. त्याच्या आधीची पाच वर्षं ‘मनावर घेऊ नका’ हे एवढ्या जणांकडून ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

माझ्या चुलतबहिणीच्या लग्नातली गोष्ट सांगते. चुडा भरायला कासारीण आली होती. बांगडी चढवताना ती अंगठा तळव्यात दाबून हात निमुळता करते, हे तुम्हाला माहीतच आहे. सगळ्याजणी ‘आई गं’ म्हणत होत्या आणि लगेच हसत होत्या. माझा अंगठा तिने तसाच दाबला, आणि कळ थेट खांद्यापर्यंत गेली. डोळ्यांत पाणी आलं. मावशी म्हणाली, “एवढंसं दाबलं तर रडतेस?” रात्री झोपतानाही तो अंगठा ठणकत होता. बांगडी तीच, कासारीण तीच, जोरही तेवढाच.

पुढे वाचताना कळलं की संशोधकांनी जवळजवळ हेच केलं होतं. २००२ साली अमेरिकेत रिचर्ड ग्रेसली, डॅनियल क्लॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ रुग्ण आणि १६ निरोगी माणसं घेतली. डाव्या अंगठ्याच्या नखावर मोजून दाब दिला आणि त्याच वेळी फंक्शनल एमआरआयमध्ये मेंदू पाहिला. निरोगी माणसांना जेवढं दुखायला चौरस सेंटिमीटरला साधारण ४.२ किलो दाब लागत होता, तेवढंच रुग्णांना २.४ किलोत दुखत होतं. तुम्ही म्हणाल, सांगायला काय, कुणीही जास्त दुखतं म्हणेल. पण दोन्ही गटांना सारखाच दाब दिला तेव्हा रुग्णांच्या मेंदूतल्या १३ जागा निरोगी माणसांपेक्षा जास्त जाग्या झालेल्या दिसल्या. उलट बाजूने अशी जागा मिळाली ती एकच. निरोगी माणसांना जास्त दाब देऊन दोघांना सारखंच दुखेल असं केलं, तेव्हा बऱ्याच जागा जुळल्या. म्हणजे ‘दुखतंय’ असं रुग्ण म्हणत होते तेव्हा त्यांच्या मेंदूत वेदनेचंच काम चाललेलं होतं. हा शोधनिबंध मी पहिल्यांदा वाचला तेव्हा स्टाफरूममध्ये बसून रडले होते.

तुमचा एमआरआय नॉर्मल का, तेही यातच आलं. आपण काढतो तो एमआरआय रचना दाखवतो: चकती सरकली का, नस दबली का, गाठ आहे का. फायब्रोमायल्जियात बिघडतं ते काम, आणि ते त्या फोटोत उमटत नाही. फंक्शनल एमआरआय काम दाखवतो, पण या आजारात तो अजून संशोधनापुरताच आहे. त्यात दिसतो तो सोळा विरुद्ध सोळा असा गटांमधला फरक. एकट्या माणसाचं निदान त्यावरून करत नाहीत. कुणी ‘मेंदूचा स्कॅन करून फायब्रोमायल्जिया सांगतो’ म्हणालं, तर पैसे घालवू नका.

आता मज्जारज्जू. हात-पायांतून येणाऱ्या वेदनेच्या तंतूंचा पहिला सांधा तिथे असतो, मज्जारज्जूच्या मागच्या भागात. निरोप तिथून वर जातो. जाताना तो मोठा होऊ शकतो किंवा दाबलाही जाऊ शकतो. १९८३ मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी लंडनमध्ये उंदरांवर दाखवलं की इजेनंतर खुद्द मज्जारज्जूच जास्त संवेदनशील होतो, दोष फक्त जखमेच्या जागेचा नसतो. याला सेंट्रल सेन्सिटायझेशन म्हणतात. फायब्रोमायल्जियात ते कसं दिसतं, हे फ्लोरिडातल्या रोलँड स्टॉड यांच्या गटाने तपासलं. तळहाताला थोड्या थोड्या सेकंदांनी गरम स्पर्श करत राहायचं, प्रत्येक स्पर्श सारखाच. रुग्णांना प्रत्येक पुढचा स्पर्श आधीच्यापेक्षा तीव्र वाटत गेला, तोही निरोगी माणसांपेक्षा जास्त चढत. आणि स्पर्श थांबल्यावरही दुखणं रेंगाळलं. गाभाऱ्यात घंटेचा नाद विरायच्या आत पुन्हा टोला द्यावा, तसं. रांगोळी काढून झाल्यावर अर्धा तास मनगट का ठणकतं, याचं उत्तर मला तिथे मिळालं.

मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यातही फरक सापडला. त्यातलं सबस्टन्स पी हे वेदनेचा निरोप नेणारं रसायन रुग्णांमध्ये वाढलेलं असल्याचं नॉर्वेतल्या संशोधकांनी १९८८ मध्ये दाखवलं. १९९४ मध्ये टेक्सासमध्ये आय. जॉन रसेल यांच्या गटाला ते सुमारे तिप्पट आढळलं. मनाच्या खेळाने मज्जारज्जूच्या पाण्यातलं रसायन तिप्पट होतं असं कुणाला म्हणायचं असेल, तर ते त्यांनी सिद्ध करावं.

तुमच्या गोळीचा संबंध इथे येतो, आणि हे घरी नक्की वाचून दाखवा. मेंदूतून मज्जारज्जूकडे उतरणाऱ्या काही वाटा वेदनेचा निरोप दाबण्याचं काम करतात. ठेच लागल्यावर थोड्या वेळाने कळ ओसरते, त्यात त्यांचाही हात असतो. त्या वाटांवरचे निरोप्ये म्हणजे सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिन. फायब्रोमायल्जियाच्या बऱ्याच रुग्णांमध्ये हा ब्रेक नीट लागत नाही. ड्युलॉक्सेटिन हीच दोन रसायनं वाढवतं, म्हणून ते दिलंय. ते नैराश्यातही देतात कारण तिथेही हीच रसायनं कामाला येतात, पण म्हणून तुम्हाला नैराश्य आहे असा अर्थ होत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये त्याला खास फायब्रोमायल्जियासाठी मान्यता दिली. त्याच्या आदल्या वर्षी प्रीगॅबलिनला दिली होती, जे मुळात फिट्स आणि नसांच्या दुखण्याचं औषध. ते घेणाऱ्याला ‘तुला फिट्स येतात’ असं कुणी म्हणत नाही. गुण सगळ्यांना येतो असंही नाही. मला ड्युलॉक्सेटिनने थोडं बरं वाटलं, मळमळ मात्र तीन आठवडे होती. कंटाळून मध्येच स्वतःहून बंद करू नका, एकदम सोडलं तर चक्कर, अस्वस्थता असा त्रास होतो. डॉक्टरांना विचारून हळूहळूच सोडायचं.

एक गोष्ट मात्र लपवणार नाही. सगळा दोष मेंदू-मज्जारज्जूचाच, असंही आता ठामपणे म्हणता येत नाही. २०१३ मध्ये बोस्टनच्या ॲन लुईस ओकलँडर यांच्या गटाने २७ रुग्णांच्या पायाच्या त्वचेचे बारीक तुकडे तपासले. ४१ टक्के रुग्णांमध्ये त्वचेतले बारीक मज्जातंतू कमी झालेले होते, निरोगी गटात हेच प्रमाण ३ टक्के. आणि २०२१ मध्ये लंडन, लिव्हरपूल आणि स्टॉकहोमच्या संशोधकांनी रुग्णांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांचं, म्हणजे अँटिबॉडींचं, इंजेक्शन उंदरांना दिलं. उंदीर दाबाला आणि थंडीला जास्त संवेदनशील झाले, त्यांची पकड कमजोर झाली, हालचाल मंदावली. निरोगी माणसांच्या प्रतिपिंडांनी तसं झालं नाही. प्रतिपिंडं शरीरातून गेली तसे काही आठवड्यांत उंदीर पूर्ववत झाले. ती सापडली कुठे, तर मज्जारज्जूच्या लगेच बाहेर, मज्जातंतूंच्या मुळाशी ज्या गाठी असतात तिथे. मेंदूत किंवा मज्जारज्जूत नाहीत.

मला स्वतःला हा अभ्यास सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. उंदराला सासर नसतं, टेन्शन नसतं, लक्ष वेधून घ्यायची हौस नसते. त्याला नुसतं रक्तातलं प्रथिन दिलं आणि तो आपल्यासारखा वागू लागला. सगळ्या रुग्णांचं कारण हेच असेल असं नाही. कदाचित एकाच नावाखाली दोन-तीन वेगळे आजार असतील आणि उद्या त्यांचे उपचारही वेगळे होतील. पण ज्या डॉक्टरांनी मला ‘हवापालट करा’ म्हणून परत पाठवलं, त्यांनी हा अभ्यास वाचावा असं फार वाटतं.

ताण आणि झोपेचा संबंध आहेच, तो नाकारू नका. १९७० च्या दशकात टोरांटोत हार्वी मोल्डोफ्स्की यांनी निरोगी तरुणांची गाढ झोप आवाज करून मोडली, तर काही रात्रींतच त्यांचं अंग दुखायला लागलं. म्हणून मी झोपेची वेळ कुणासाठीही मोडत नाही, लग्नघरीसुद्धा नाही. व्यायाम अगदी थोडा सुरू करा. मी सुरुवातीला गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत यायचे, एवढंच. दर आठवड्याला दोन घरं पुढे.

एमआरआय परत करायचा का? नुसती ठणक तशीच आहे म्हणून करू नका. पण हाता-पायातली ताकद कमी व्हायला लागली, जांघेत बधिरपणा आला, लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. ताप राहायला लागला, कारण नसताना वजन उतरलं किंवा एखादा सांधा सुजला, तरी लवकर दाखवा. यातलं काहीही फायब्रोमायल्जियाच्या नावावर खपवून घ्यायचं नाही. आणि पुढच्या वेळी यजमानांना डॉक्टरांकडे सोबत न्या. गोळी कशासाठी दिलीय, हे त्यांना डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू द्या.