ॲपआधी बीपीचं मशीन घ्या

तुम्ही एचआरवाले कामगारांच्या बीपी-शुगरसाठी ॲपवरून व्हिडिओ कॉलवर डॉक्टर लावायचं म्हणताय, तर तो डॉक्टर ठरवण्याआधी बीपीचं मशीन घ्या, दंडावर पट्टा बांधायचं. आमच्या चाकणच्या प्लांटमध्ये पहिल्या महिन्यात सगळ्यांचंच बीपी वाढलेलं! लोक जिना चढून, चहा पिऊन थेट पट्टा बांधत होते. पाच मिनिटं गप्प बसवा, मग मोजा. शुगरवाल्यांचं एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ताची तपासणी, दर तीन महिन्यांनी. तिथे आदल्या दिवशीचा उपास कामी येत नाही. कॉल प्लांटच्या नर्सने लावला तर २०२० च्या टेलिमेडिसिन (फोन-व्हिडिओवरून उपचार) नियमांनुसार पेशंटची स्पष्ट संमती हवी. रिपोर्ट मात्र एचआरच्या, म्हणजे तुमच्या, मेलवर मागवू नका; साहेबाला कळतंय म्हटल्यावर लोक गोळ्यासुद्धा लपवतात. आणि कुणी छातीत दुखतंय म्हणाला, तर व्हिडिओ नाही, गाडी काढा.