डबा घेऊन गेटवर जा

प्रश्न : ताई नमस्कार, मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ११ वर्षं लूमवर आहे, पीसवर पगार, आम्ही सगळे मिळून ३४ जण. दिवाळीला बोनसचं विचारलं तर शेठ म्हणाले बघू, ते बघू अजून चालूच आहे, म्हणून आम्ही ९ जणांनी युनियनचे फॉर्म भरले. कुणीतरी जाऊन सांगितलं. शेठनी एकेकाला केबिनमध्ये घेऊन दम दिला, युनियन आली तर लूम भंगारात विकीन म्हणाले, चौघांचे हजार हजार वाढवले, ते लगेच फुटले. माझी कोऱ्या कागदावर सही घेतली आणि संध्याकाळी मुकादम म्हणाला उद्यापासून येऊ नको. लेखी काहीच नाही. २५ हजार उचल बाकी आहे म्हणून गप बसलोय, १२ दिवस झाले. काही करता येतं का?

उत्तर : भाऊ, येतं, पण १२ दिवस घरी बसलात ते चुकलं, स्पष्टच सांगते. लेबर कोर्टात मालकाचं ठरलेलं उत्तर असतं, आम्ही काढलंच नाही साहेब, तोच यायचा बंद झाला. तोंडी काढलेल्या माणसाची केस इथंच अडकते, कारण काढल्याचा कागद नसतो आणि मस्टर मालकाच्या हातात, त्यात तुमच्या नावापुढं रोज गैरहजर पडत असणार. म्हणून उद्या शिफ्टच्या टायमाला डबा घेऊन गेटवर जा. आत घेतलं तर कामाला लागा. नाही घेतलं तर त्याच दिवशी साध्या मराठीत पत्र लिहा, अमुक तारखेला मुकादमानं तोंडी येऊ नको सांगितलं, मी कामाला तयार आहे, आजही आलो होतो, मला गेटवर अडवलं. कोऱ्या कागदावर सही घेतली तेही तारखेसकट त्यातच लिहा, नाहीतर उद्या त्याच कागदावर तुमचा राजीनामा निघेल. पत्र स्पीड पोस्टनं पाठवायचं, एक कॉपी सहाय्यक कामगार आयुक्तांच्या ऑफिसात देऊन शिक्का घ्यायचा, पावती जपून ठेवायची. शेठच्या व्हॉट्सअॅपवर पण फोटो टाका.

आता शेठनी जे केलं ते. महाराष्ट्रात १९७१ चा कायदा आहे, कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांबद्दलचा. त्यात मालकानं काय करू नये याची यादी आहे आणि तुमचं पत्र वाचताना मला वाटलं शेठनी ती यादी समोर ठेवूनच काम केलंय की काय. युनियन काढली तर कारखाना बंद करीन ही धमकी त्यात आहे, युनियन बांधायच्या ऐन वेळेला पगार वाढवून माणसं फोडणं पण आहे (हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, वाढ दिली म्हणून उलट उपकार मानतात), आणि युनियनच्या रागानं कामावरून काढणं तर आहेच. तक्रार ९० दिवसांत करायची असते, त्यातले १२ तुमचे गेले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राची नवीन औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, त्यातही अनुचित प्रथांची यादी आहेच, तेव्हा अर्ज कुठल्या कलमाखाली टाकायचा ते वकिलाला ठरवू द्या, तुम्ही दिवस मोजा.

युनियन रजिस्टर करायला ७ जण लागतात, चौघं फुटले म्हणजे तुम्ही ५ उरलात, मग वेगळी काढायच्या भानगडीत पडू नका, यंत्रमागवाल्यांच्या जुन्या युनियन आहेत गावात, तिथं मेंबर व्हा. आपल्या सोलापुरात युनियनला नावं ठेवणारे भरपूर, पण कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाची १० हजार घरं विडी वळणाऱ्या बायकांना युनियनमुळंच मिळाली ना.

उचल हे कर्ज आहे, ते फेडायचंच, पण उचल बाकी म्हणून तोंड बंद ठेवायला कुठला कायदा सांगत नाही. पीसवरचा माणूस पण कामगारच असतो. ३४ जण आहात म्हणजे कारखान्याला बोनस आणि पीएफ दोन्ही लागू. एकाच शेडात भावाच्या, बायकोच्या नावानं तीन फर्म दाखवल्या असतील तर घाबरू नका, असं तोडून दाखवलं म्हणून पीएफ सुटत नाही. हिशोबाची वही, फोनपेचे मेसेज, ईएसआयचं कार्ड, जे असेल ते गोळा करा. आणि रागाच्या भरात उरलेल्यांना लूम बंद करायला लावू नका, १४ दिवसांची नोटीस न देता संप केला की तो बेकायदा ठरतो आणि शेठला आयतंच सापडतं.

प्रश्न : माझं युनिफॉर्म शिवायचं छोटं युनिट आहे. बायकांनी युनियन केली असं ऐकलं. पुढारी बाहेरचा आहे, मी त्याच्याशी का बोलू?

उत्तर : तुमचा वकील, तुमचा सीए, ते कुठं कारखान्यात मशीनवर बसतात? बाहेरचा माणूस युनियनचा पदाधिकारी असू शकतो, कायद्यातच तशी सोय आहे. कोण कोण मेंबर आहे ते शोधायला सुपरवायझरला लावू नका, तिथूनच केस तयार होते. मागण्यांचं पत्र आलं तर घ्या, पोच द्या, वार ठरवून चहाला बोलवा. आणि ओव्हरटाइमचं रजिस्टर आधी बघून ठेवा, पहिला प्रश्न त्यावरच येणार.